चाकावरचं झाकण

कबूल करतो, हात मीच म्हणालो.
मल्लेशमचं बोट गेलं होतं,
डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, तेही एका पेरापुरतं,
दत्त नगरात, आठ मागांच्या शेडात, पहाटे पावणेचारला.
कोपरापर्यंत लाल फडकं घेऊन आधी माझ्या गाडीवरच आला,
बादलीत हात बुडवला, म्हणाला, चाकावर झाकण नव्हतं रे.
मग सिव्हिलला गेला.

पहिलं गिऱ्हाईक पाव बुडवत होतं चहात.
बोट म्हटल्यावर कोण मान वर करतं इथे?
गल्लीगल्लीत नऊ बोटांची माणसं आहेत.
म्हणून हात म्हणालो.
त्याने पाव बशीत ठेवला.

पुढचं माझ्याकडे राहिलं नाही.
साखर पेठेत दोन्ही हात गेले.
कुणीतरी तेलुगूत सांगितलं, वेलु पोयिंदी.
आता वेलु म्हणजे बोट, आणि वेलु म्हणजे हजारोसुद्धा.
इरण्णा कानडी माणूस, त्याला त्यातलं सोयीचं ऐकू आलं.
जोडभावी पेठेत कांद्याच्या पोत्यावर बसून त्याने सांगितलं,
शेडात चोरी झाली, शेटचे हजारो गेले,
पळताना चोराचा हात मागात सापडला.
अशोक चौकात चोर मेला.
सहा आसनी रिक्षातून तो मेलेला चोर विडी घरकुलात पोचला.
उंबऱ्यावर बायका पानं कातरत होत्या, सूप मांडीवर.
तिथे त्याचं रक्त चादरीत विणलं गेलं,
मोराच्या पिसाऱ्यात, नेमकं डोळ्याच्या जागी,
आणि तीच चादर म्हणे नव्या पेठेत विकायला आलीय.
तीन दिवस मोराच्या चादरीला कुणी हात लावला नाही.

सुतावरून स्वर्ग गाठतात लोक.
आमच्या गावात सुताला काय तोटा?

पद्मावतीला ते विड्या देताना कळलं.
कारकून छाट काढत होता, दीडशे बाजूला टाकून.
मागची म्हणाली, कोण गं ती, लहान वयात विधवा झाली.
पद्मावतीनेही चुकचुक केलं, जरा वेळ वाईट वाटून घेतलं.
घरी आली तर नवरा कडक भाकरी मोडत बसलेला,
डावा हात उशीवर, फडकं बांधलेलं.
त्याच्याकडे बघत दारातच उभी राहिली.

कागदावर मात्र सगळं बरोबर होतं.
नाव बरोबर, वय एकेचाळीस, वेळ मिनिटासकट, पेर कुठलं तेही.
खाली लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा.
शेटने तीनशे रुपये दिले आणि काठ चुकलेली एक चादर.

पाचव्या दिवशी अक्कलकोटहून आलेला एक ड्रायव्हर
माझीच गोष्ट मला सांगायला लागला.
त्याच्या गोष्टीत चोर दोन होते, एक बाई होती,
शेट आंध्रात पळाला होता.
मी कप विसळत ऐकत होतो.
शेवटी तो म्हणाला, आणि काय सांगू, चाकावर झाकणच नव्हतं.
हे त्याला कुणी दिलं?
मी गिऱ्हाइकाला सांगितलं होतं का, आठवत नाही.
एवढी तोंडं बदलली, एवढ्या भाषा,
तेवढंच कसं कुणी बदललं नाही?
ज्याच्या त्याच्या शेडात ते तसंच असणार.

मग ऑफिसातून एक जण खरंच आला,
मेलेला चोर शोधत.
चोर मिळाला नाही. चाक दिसलं.

मल्लेशम आता शेडाबाहेर स्टुलावर बसतो, राखण करतो.
तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला ते पेर लागतं.
परवा चहा पिता पिता म्हणाला,
तू हात गेला म्हणालास ना, ते खोटं नव्हतं.
मी साखर घातलेली असून पुन्हा घातली.

त्याच्या मागावर आता झाकण आहे,
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तारेने आवळलेलं,
त्यावर अर्धं सूर्यफूल.
बाकी सात मागांबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

उजाडायला आलंय.
मी गाळणी झटकतो.
पहिलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडतंय.